पीकसंरक्षणाची बंदूक आणि तिची सरकलेली माशी

रानडुकरे व रोही ह्यांच्या उपद्रवाने आपल्या भागातील शेतकरी किती जेरीस आला आहे, हे ह्या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मक्याची कणसे भरू लागली, हरभरा घाट्यात आला, की कळप शेतात शिरतो आणि चार महिन्यांचे कष्ट एका रात्रीत तुडवून जातो. जागलीस जाणाऱ्या ज्या थोड्या बंधूंपाशी परवान्याची बंदूक आहे, त्यांच्या तोंडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ती अशी, की ‘बंदुकीची माशी मध्यावर राहिली नाही, नेम धरावा एकीकडे आणि गोळी लागते दुसरीकडे.’ मग कोणी हातोडी घेऊन माशी ठोकतो, कोणी कानशीने खाच घासतो, तर कोणी बंदूक घेऊन गावच्या लोहाराकडे जातो. हे तिन्ही उपाय बहुधा दोष वाढविणारे आहेत. दोष कोठे आहे हे आधी शोधावे आणि मग हात लावावा. तो शोधण्याची रीत कोणती, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

विषय लहान दिसतो, परंतु त्यात जिवाचा प्रश्न आहे. नेम चुकलेल्या गोळीने डुक्कर मरत नाही. ते जखमी होऊन तुरीच्या ओळीत दडून बसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाठ पडते ती खुरपणीस आलेल्या बायांशी. दुसरे असे, की आपला मुलूख बराचसा सपाट आहे. रायफलीची गोळी मैलाहून अधिक लांब जाते. जी गोळी आपल्या मनाप्रमाणे जात नाही ती कोणाच्या खळ्यावर जाऊन पडेल, हे कोणी सांगावे?

प्रथम कायद्याची बाजू

बंदुकीविषयी लिहिताना ही बाजू आधी मांडणे आम्हांस अवश्य वाटते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती बंदूक अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास आट्यांवाचूनच्या नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, उभ्या पिकास धोका करणारे जनावर मारावयाचे तर मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी आज्ञा पाहिजे. मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे होते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने पीक खाल्ले म्हणून त्यावर बंदूक उचलता येत नाही. नुकसानीचा पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाई मागणे हाच तेथे मार्ग होय.

ह्याच शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमाने बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यासही परवाना लागतो. सबब गावचा लोहार कितीही कसबी असला तरी बंदूक त्याच्याकडे नेऊ नये. त्यात तोही अडचणीत येतो आणि आपणही. पुढे दिलेली तपासणी मालकाने स्वतः करावी. परंतु माशी सरकविणे, घासणे अथवा बदलणे हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याच्याकडे जाताना नेमका दोष सांगता आला म्हणजे काम नीट होते, आणि पैसाही कमी लागतो.

माशी आणि खाच

नळीच्या तोंडाजवळ वर जो बारीक मणी अथवा उभे पाते असते त्यास माशी म्हणतात. रायफलीवर मागील बाजूस एक पट्टी असते व तीत खाच असते. खाचेच्या बरोबर मध्यभागी माशी दिसावी, माशीचा माथा खाचेच्या काठाशी समपातळीत असावा, दोन्ही बाजूंस सारखा उजेड दिसावा, आणि मग माशी लक्ष्याला लावावी, अशी नेम धरण्याची रीत आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या रायफली बहुधा ०.३१५ इंच मापाच्या, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या असतात. इंग्रजी अमदानीत लष्कराची ०.३०३ मापाची काडतुसे खासगी हाती जाऊ नयेत म्हणून हे निराळे माप रूढ झाले, आणि स्वराज्यातही ते चालू राहिले. ह्या रायफलींची माशी एका आडव्या खाचेत घट्ट ठोकून बसविलेली असते. ही खाच तळाशी रुंद व वर अरुंद असते. त्यामुळे माशी वर उचलली जात नाही, पण डावीउजवीकडे सरकविता येते.

येथेच पुष्कळांची पहिली गैरसमजूत होते. माशी आपल्या बैठकीच्या बरोबर मध्यावर दिसत नाही, एखादा केस डावीकडे वा उजवीकडे आहे, एवढ्यावरून ते तीस सदोष ठरवितात. वस्तुतः कोणतीही नळी अगदी गणिती सरळ नसते, व तिचे छिद्रही नेहमी बाहेरील गोलाईच्या तंतोतंत मध्यावर नसते. म्हणून बंदूक तयार झाल्यावर ती प्रत्यक्ष झाडून पाहतात, आणि गोळी जेथे जाते त्या मानाने माशी बसवितात. अशी एकीकडे बसविलेली माशी हा दोष नसून केलेली दुरुस्ती असते. ती ‘मध्यावर’ आणणारा मनुष्य नीट असलेली बंदूक बिघडवितो. तात्पर्य, माशीची जागा डोळ्याने ठरवू नये, गोळीने ठरवावी.

महसूल खात्यात आमची हयात गेली. तेथील एक दाखला देतो. मोजणीत शेताची हद्द नकाशाशी जुळली नाही, तर जाणता मोजणीदार प्रथम बांधाचे दगड उपटीत नाही. तो आपली साखळी तपासतो. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. साखळीची एक कडी ताणली असेल तर सारेच गुंठे खोटे येतात, आणि त्यात दगडांचा काहीच अपराध नसतो. बंदुकीचे तसेच आहे. माशी हा हद्दीचा दगड आहे. तो हलविण्यापूर्वी बाकीचे सर्व तपासून झाले पाहिजे.

हात लावण्यापूर्वीची तपासणी

बंदूक रिकामी करावी. काडतूस काढल्यावरही नळीचा मागील भाग डोळ्याने पाहून व करंगळीने चाचपून खात्री करावी, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. ठासणीची बंदूक असल्यास गज आत घालून तो किती खोल जातो ते पाहावे. तो बाहेरून मोजलेल्या नळीच्या लांबीइतका आत न गेल्यास आत बार असावा असे समजून पुढे जाऊ नये, व ती कारागिराकडून रिकामी करवून घ्यावी.

नंतर नळीतून पाहावे. रायफलीचा बोल्ट काढून, मागून खिडकीच्या उजेडाकडे दृष्टी लावावी. पावसाळ्यात कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असू शकते. वरच्या माशीची चिंता करणाऱ्याने ही आतली माशी आधी पाहावी, कारण अशा नळीतून बार काढल्यास नळी फुटते आणि हात जातो. नळी स्वच्छ केल्यावर खिडकीच्या आडव्या चौकटीची कड नळीतून पाहावी. तिची सावली नळीच्या भिंतीवर सरळ रेषेसारखी पडली तर नळी सरळ आहे. रेषा मध्येच मोडली वा वाकली तर नळी वाकलेली आहे. बैलगाडीतून अथवा ट्रॅक्टरवरून पडलेल्या बंदुकीत असे होते. वाकलेल्या नळीस माशी सरकविणे हा इलाज नव्हे.

नळीच्या तोंडाची कडही बोट फिरवून पाहावी. तीवर खाच, टवका अथवा गंज असेल तर बाहेर पडताना गोळीस एका बाजूने धक्का बसतो. गज तोंडाकडून घालून वर्षानुवर्षे घासल्यानेही ही कड झिजते; म्हणून ज्या बंदुकीची नळी मागून साफ करता येते, ती मागूनच करावी.

मग पेच पाहावेत. नळी व दस्ता ह्यांना जोडणारे पेच ढिले असतील तर प्रत्येक बारानंतर नळी निराळ्या जागी बसते. लाकडाचाही विचार करावा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आकसते आणि श्रावणात फुगते. फुगलेले लाकूड नळीस एका बाजूने रेटू लागले म्हणजे उन्हाळ्यात सरळ मारणारी बंदूक पावसाळ्यात बाजूस मारते. अशा वेळी माशी सरकविली तर दिवाळीनंतर ती पुन्हा उलट सरकवावी लागते. दस्त्यास जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन ओलावा रोखणे हाच त्यावर उपाय.

शेवटी माशी व मागील पट्टी अंगठ्याने दाबून हलते का ते पाहावे. माशी घट्ट असल्यास तिच्या बुडापासून बैठकीपर्यंत एक बारीक रेघ टोकदार पेन्सिलीने ओढून ठेवावी. पुढे माशी सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. निवडणुकीच्या काळात ज्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात त्यांनी तर ही रेघ अवश्य ओढावी. अनेक बंदुका एकमेकींस टेकून उभ्या राहतात, उचलताना-ठेवताना धक्का लागतो. परत घेतेवेळी रेघ पाहिली म्हणजे तर्क करावा लागत नाही.

कलती माशी

कधी कधी माशी सरकलेली नसून कललेली असते. हे ओळखण्यास गवंड्याचा ओळंबा पुरतो. भिंतीपुढे ओळंबा सोडावा. मागील पट्टीची वरची कड आडवी राहील अशी बंदूक पिशव्यांवर ठेवावी, आणि खाचेतून पाहावे. माशीचे पाते ओळंब्याच्या दोरीशी समांतर दिसले पाहिजे. पाते कललेले असेल तर धरणारा मनुष्य ते उभे करण्याच्या नादात नकळत सगळी बंदूकच कलती करितो. कलत्या बंदुकीची गोळी कलाच्या बाजूस आणि किंचित खाली जाते, व अंतर वाढेल तशी ही चूकही वाढते. असा दोष बहुधा बैठकीत अथवा नळीच्या जोडात असतो. तो कारागिरास दाखवावा.

प्रथम पुंजका, मग माशी

आता प्रत्यक्ष झाडून पाहावयाचे. हे काम गावाजवळ अथवा रस्त्याकडे तोंड करून कदापि करू नये. रायफल क्लबचे मैदान मिळत असेल तर तेच उत्तम. अन्यत्र करावयाचे असल्यास परवान्यातील अटी वाचून, पोलीस ठाण्यात विचारून, व दगडगोटे नसलेला उंच मातीचा ढिगारा मागे असेल तेथेच करावे. खडकाळ बांधावर आदळलेली गोळी उसळून कोठेही जाते.

पांढऱ्या कागदावर वीतभर रुंदीचे काळे वर्तुळ काढून ते ५० मीटरांवर लावावे. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकावी. पिशवी लाकडाखाली यावी, नळीखाली नको. एकाच पेटीतील पाच काडतुसे घ्यावीत. खडकीच्या कारखान्याची काडतुसे आपल्याकडे सर्रास मिळतात. परंतु जुन्या पेटीतील दोन व नव्या पेटीतील तीन असे मिश्रण करू नये. प्रत्येक वेळी नेम अगदी त्याच ठिकाणी धरून पाच बार काढावेत. मध्येच नेम बदलून चूक भरून काढण्याचा मोह टाळावा. मग कागद पाहावा.

पाचही छिद्रे तळहाताएवढ्या जागेत, परंतु वर्तुळाच्या एका बाजूस पडली असतील, तर दोष माशीचा वा खाचेचा, अथवा धरणाऱ्याच्या सवयीचा आहे. छिद्रे कागदभर विखुरली असतील तर माशीचा दोष नाही. ढिले पेच, झिजलेली नळी, दमट काडतुसे वा अस्थिर हात ह्यांपैकी काहीतरी आहे, व माशी कितीही सरकविली तरी उपयोग होणार नाही. ह्या एका परीक्षेने निम्मे वाद मिटतात.

पुंजका एका बाजूस आला तर लगेच माशीवर निर्णय देऊ नये. तीच बंदूक, तीच काडतुसे दुसऱ्या परवानाधारक जाणत्या मनुष्याच्या हाती देऊन त्याचे पाच बार पाहावेत. त्याचाही पुंजका तेथेच पडला तर बंदुकीचा दोष. त्याचा मध्यावर पडला तर आपला. चाप हिसक्याने ओढणे, गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी निराळा टेकणे, ही सामान्य कारणे होत.

उजेडाचेही एक कारण आहे, ते फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ऊन एका बाजूने पडले म्हणजे माशीची ती बाजू चकाकते, आणि डोळा चकाकणाऱ्या भागालाच पूर्ण माशी समजून तो खाचेच्या मध्यावर आणतो. परिणामी गोळी सूर्याच्या विरुद्ध बाजूस जाते. उत्तरेकडे तोंड करून झाडणाऱ्याची गोळी सकाळी डावीकडे आणि सायंकाळी उजवीकडे जात असेल, तर माशी निर्दोष आहे. कापराच्या ज्योतीवर धरलेल्या पत्र्याची काजळी बोटाने माशीस लावावी, चकाकी जाते.

किती व कोणीकडे सरकवावी

सर्व परीक्षा होऊनही पुंजका एकीकडेच पडत असेल, तर माशी सरकविण्याची वेळ आली. येथे नियम दोन. मागील खाच ज्या बाजूस सरकवावी त्याच बाजूस गोळी जाते. पुढील माशी ज्या बाजूस सरकवावी त्याच्या उलट बाजूस गोळी जाते. कारण उघड आहे: माशी उजवीकडे गेली की तीस पुन्हा खाचेच्या रेषेत आणण्यासाठी नळीचे तोंड डावीकडे वळवावे लागते. म्हणून गोळी उजवीकडे लागत असेल तर माशीही उजवीकडेच सरकवावी. उंचीसही हेच लागू आहे. माशी उंच केली की गोळी खाली जाते, ठेंगणी केली की वर जाते. परंतु घासलेली माशी पुन्हा वाढत नाही. सबब उंचीसाठी कानस लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

किती सरकवावी, ह्यास त्रैराशिक पुरते. गोळी किती बाजूस लागली त्या मापास माशी व खाच ह्यांमधील अंतराने गुणावे, आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे. उदाहरणार्थ, माशी व खाच ह्यांत ५० सेंटिमीटर अंतर आहे, लक्ष्य ५० मीटरांवर म्हणजे ५,००० सेंटिमीटरांवर आहे, आणि पुंजक्याचा मध्य १५ सेंटिमीटर उजवीकडे आहे. १५ गुणिले ५० म्हणजे ७५०. त्यास ५,००० ने भागता ०.१५ सेंटिमीटर, म्हणजे दीड मिलिमीटर आले. एवढेच सरकवावयाचे. ह्या बंदुकीत एका मिलिमीटराने ५० मीटरांवर १० सेंटिमीटरांचा फरक पडतो, हे पाहिले म्हणजे घरच्या हातोडीच्या एका ठोक्याने काय अनर्थ होतो ते कळून येईल.

हा हिशेब कागदावर लिहून, गोळ्या लागलेला कागद सोबत घेऊन कारागिराकडे जावे. तो पितळेच्या तुकड्यावरून हलका ठोका देऊन अथवा स्क्रूच्या पकडीने माशी सरकवितो. लोखंडावर लोखंड मारीत नाही. काम झाल्यावर पुन्हा पाच बार काढून पाहावे, आणि पुंजका मध्यावर आल्यावर नवी रेघ ओढून ठेवावी. जुनी रेघ पुसू नये. माशी किती सरकली त्याची ती नोंद होय.

ज्या बंदुकीस खाच नाही

ठासणीच्या व बारा बोअरच्या बंदुकीस बहुधा पुढे मणी असतो, मागे खाच नसते. तेथे आपला डोळा हीच मागील खाच असे समजावे. खाचेचा नियम मग डोळ्यास लागतो: डोळा नळीच्या मधल्या रेषेच्या डावीकडे राहिला तर गोळी डावीकडे जाते. अशा बंदुकीचा नेम एकीकडे जात असेल तर मण्यास दोष देण्यापूर्वी दस्ता आपल्या अंगास बसतो का, गाल नीट टेकतो का, हे पाहावे. आजोबांच्या उंचीस बेतलेला दस्ता नातवास बसेलच असे नाही. दुनळीत तर दोन्ही नळ्या पुढे किंचित जवळ आणून बसविलेल्या असतात. म्हणून प्रत्येक नळीचा पुंजका निराळ्या कागदावर घ्यावा, आणि एका नळीसाठी मणी हलवून दुसरी बिघडवू नये.

आमचे मस्तगड ज्या गढीच्या नावाने ओळखले जाते ती १७२५ साली बांधली गेली, आणि आपल्याच जिल्ह्यातील असई येथे १८०३ साली शिंदे व इंग्रज ह्यांची मोठी लढाई झाली. त्या काळच्या पायदळाच्या बंदुका आट्यांवाचूनच्या असत. शेकडो शिपाई एका दमात बार काढीत, तेव्हा एकेका बंदुकीचा नेम किती चुकतो हे फारसे कोणी मोजीत नसे. शेतकऱ्याचा बार मात्र एकटा असतो, आणि तो जेथे लागेल त्याचा जाब एकट्यालाच द्यावा लागतो. म्हणून शक्य तेथे कुंपण, जागल व भरपाईचा अर्ज ह्यांवरच भागवावे. बंदूक उचलण्याची लेखी आज्ञा मिळालीच, तर त्या रात्रीपूर्वी दिवसाउजेडी पाच बारांचा कागद पाहून ठेवावा. ज्याच्यापाशी तो कागद नाही त्याने त्या रात्री बंदूक घरीच ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.